साक्षीदार क्रमांक अकरा

फाइल मागवायला चिठ्ठी भरावी लागते.
‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं : अभ्यास.
खरं कारण डोंगरीत घड्याळं दुरुस्त करतं.
फैयाज हुर्जूक.
त्याचे आजोबा लढाईच्या दिवसांत आगबोटीवर कोळसा ओढायचे.
“ते खोटं बोलले असं कागदात आहे म्हणतात.
बघून सांगा. खोटं असलं तरी सांगा.”

काळ्या घोड्याजवळच्या दगडी इमारतीत
पेन चालत नाही, फक्त पेन्सिल.
सावनूरबाई गठ्ठा ठेवतात नि हात झटकतात.
लाल फीत आता विटकरीसुद्धा उरलेली नाही.

आगबोट लॉर्नहिल.
कापसाच्या गाठी, मँगनीज, एकसष्ट माणसं.
अकरा गोऱ्यांची नावं आद्याक्षरांसकट,
उरलेले पन्नास म्हणजे ‘पन्नास’.

कप्तान म्हणतो, टॉर्पेडो लागला नऊ वाजून दहा मिनिटांनी.
दुसरा इंजिनिअर म्हणतो, साडेसात.
दोघंही खरे :
एकाचं घड्याळ लढाईच्या वेळेवर, तासभर पुढं ओढलेलं,
दुसऱ्याचं जुन्या मुंबई टाइमावर,
जो या शहरानं हट्टानं मनगटावर बाळगला होता.
एवढं फैयाजला अर्ध्या वाक्यात कळेल.

पुढचं घड्याळात नाही.
कप्तानाची होडी लांब गेली होती.
तो म्हणतो, पाणबुडी वर आली, थांबली, गेली.
साक्षीदार क्रमांक अकरा,
हुसेन बाबामिया, आगवाला, राहणार बाणकोट,
डाव्या अंगठ्याचा ठसा,
म्हणतो, वर आली, झाकण उघडलं, माणसं निघाली,
आमच्या होडीवर गोळ्या झाडल्या.
तांडेल वल्ह्यावर वाकला तो वाकलेलाच.

विचारलं, रात्रीचं तुला दिसलं कसं?
दुभाष्यानं उत्तर इंग्रजीत उतरवलं :
चंद्रप्रकाश होता.

आणि समासात, वळणदार अक्षरात, शेरा :
त्या रात्री पहाटेपर्यंत चंद्र नव्हता.
साक्षीदार विश्वासार्ह नाही.

मी त्रेचाळीस सालचं पंचांग काढलं.
भाद्रपद वद्य त्रयोदशी.
रोज्यांचा सत्ताविसावा दिवस होता, हे हुसेननंच सांगितलेलं.
दोन्ही पंथांच्या हिशोबानं
चंद्र नव्हता तो नव्हताच.
दोन दिवस मी फैयाजचा फोन घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी, खाली टपरीवर,
बशीत चहा ओतताना आठवलं,
बाणकोटचा आगवाला इंग्रजी बोलला नसणार.
मग तो काय म्हणाला?
चंद्र?
की चांदणं?

फैयाजच्या आत्याला बाणकोटला फोन लावला.
हलीमाबी, वय नव्वद, ऐकू कमी.
मी तीनदा ओरडून विचारलं.
ती हसली. “चांदणं? अरे, ते अमावास्येलाच नीट पडतं पाण्यावर.
चंद्र आला की बुजतं.”

परत धावलो. गठ्ठा पुन्हा सोडला.
दुभाष्याचं बिल सापडलं :
अर्धा दिवस, तीन रुपये, ट्रामचं भाडं वेगळं.
शब्द सापडला नाही.
तो कुणी लिहूनच घेतला नव्हता.
पाणबुडीची रोजनिशी पाणबुडीसकट तळाशी.
नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात
माणूस वाकलेला दिसतो का, किती अंतरावरून,
हेही मला ठाऊक नाही.
सावनूरबाई म्हणाल्या, पाच वाजले.

डोंगरीत फैयाज डोळ्याला भिंग लावून बसला होता.
सगळं सांगितलं. वेळ, बिल, चांदणं.
म्हटलं, खोटं बोलले नसावेत.
त्यानं भिंग काढलं.
भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ दाखवत होती.
“हे ‘नसावेत’ लिहून द्याल?”
त्यानं पावतीपुस्तकाचं एक पान फाडून पुढं केलं.

माझ्या खिशात पेन्सिलच होती.