जालन्यासाठी

फ्रेझरबर्गला वारा आडवाच वाहतो.
जालन्याहून आणलेली काळी छत्री, लाकडी मुठीची,
दुसऱ्याच दिवशी तिच्या काड्या झाल्या.
एफी ब्यूकन हसली: इथे छत्री कोण नेतं, बाई?

रविवारी अकरा माणसं. बाकं दोनशेंची.
उपदेशाला उभी राहिले की मी मोजते,
जशी आई अंधार पडायच्या आत कोंबड्या मोजायची.

एफी अठ्ठ्याऐंशीची. चहा ओतताना म्हणाली,
"लहानपणी आम्ही तुमच्यासाठी डबा फिरवायचो."
तुमच्यासाठी.
तेव्हा माझी आईसुद्धा पाळण्यात होती,
पण एफीच्या खाऊतली एक पेनी
माझ्या नावावर कुठेतरी मांडलेली आहे.
आभार मानावेत की हिशेब मागावा, कळेना.
बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून तळाशी गेलं.

इमारत विकायचीय, म्हणून फडताळं उपसत होतो
तर डबाच सापडला. पत्र्याचा, गंजलेला,
वर पैशापुरती चीर, खाली चिठ्ठी: जालन्यासाठी.
शेजारी काचेची चित्रं,
कंदिलापुढे धरून भिंतीवर पाडायची.
एक उजेडाला धरलं.
विहीर. कडुनिंब. दहाअकराची पोर.
खाली इंग्रजीत: दुष्काळातून वाचवलेली.

एफीला तिच्या फासळ्या दिसल्या,
आयुष्यभर त्याच दिसत आल्या होत्या.
मला तिचा हात दिसला.
हात दोरावर होता.

कसं सांगू एफीला,
गावच्या विहिरीखाली आमची माणसं
ओंजळ पसरून उभी असत,
कुणी ओतेल तेव्हा, ओतेल तेवढं.
दोर आमचा नव्हता.
आणि इथे एक पोर स्वतः पोहरा सोडतेय,
आणि साहेब लिहितो, वाचवलेली!
अहो, ती पाणी शेंदतेय.
(साहेबाच्या बंगल्यात माठ वेगळा होता,
हेही आमच्या घरात सांगितलं जायचं.)
माझी पणजी असेल. नसेलही.

तिसऱ्या रविवारी दार ढकलून क्वेकू आला, घानाचा,
ट्रॉलरवरचा खलाशी, अंगाला हॅडकचा वास,
मागे रोमेल आणि आणखी दोन फिलिपिनो.
मागच्या बाकावर बसले,
आणि प्रार्थना सुरू होताच इतक्या मोठ्यानं देवाशी बोलू लागले
की खजिनदार नोबल यांनी
कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.
पुढच्या रविवारी ते आले नाहीत.
कागदात लिहिलंय: झोपायचं बोटीवर,
गावात राहायचं नाही.

वरच्या कचेरीतून अर्ज आलाय.
यंदाचं मिशनकार्य: कुठे? कुणामध्ये?
रकाना दोन ओळींचा.
मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
कोण कुणाकडे पाठवलेलं,
पेनला काही ठरवता येईना.

बुधवारी ॲबरडीनहून ज्वारीचं पीठ आणून
भाकऱ्या थापल्या.
आमच्या प्रार्थनेत रोज मागायची ती भाकर,
पाव नव्हे, असं एफीला सांगितलं.
ती कोट शोधू लागली.

धक्क्यावर ओहोटी. बोट खूप खाली.
शिडीला शेवाळ, आणि हे गुडघे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे.
क्वेकूनं खालून दोर फेकला.
एफीनं तो धरला, दोन्ही हातांनी,
आणि खाली बघत विचारलं, "आता?"

मला उत्तर सुचेना. मी तिचे हातच बघत राहिले.
रोमेल म्हणाला, आजी, हळू.

भाकरी तिला फार कोरडी लागली. तसं तिनं सांगितलंही.
कुणीतरी माशाच्या कालवणाचं भांडं
तिच्यापुढे सरकवलं.