हातचा

तासगावच्या शेडवरून घरी यायला मला सात वाजतात,
बोटं बेदाण्यानं चिकट.
दुर्वा पायरीवर, मांडीवर वही.
आठ अधिक सात पंधरा.
पाच खाली लिहिते आणि थांबते,
"काकू, हातचा कुठं ठेवू?"

मिरजेच्या शाळेतून दाखला अजून आला नाही.
त्याआधी जत.
त्याच्याही आधीचं कुणी नीट सांगत नाही.
पहिला धडा तिचा तिन्ही शाळांत झालाय, तोंडपाठ आहे.
बेरीज मात्र दरवेळी मधेच सुटली.

जूनमध्ये खाकी कव्हरं घातली,
तेव्हा लेबलावर नाव तिनं पेन्सिलीनं लिहिलं
आणि आडनावाची जागा सोडली.
मी काही बोलले नाही.

शाळेत बाई विचारतात, तुम्ही तिच्या कोण?
समितीचा कागद मार्चपर्यंतचा,
फॉर्मातला रकाना बोटभर.
मी 'सांभाळणारी' लिहिते.
शेवटची दोन अक्षरं चौकटीबाहेर जातात.

पदराच्या गाठीत मूठभर बेदाणे आणलेत,
मुकादमाला ठाऊक नाही.
दोन वाट्या मांडते. म्हणते, हे बघ,
इकडं दहा झाले की ते उचलायचे
आणि तिकडं एकच दाणा टाकायचा.
तो हातचा.
ती मान डोलावते, दाणा टाकते,
आणि माझं लक्ष नाही बघून
खाऊन टाकते.

उत्तर दहानं कमी.
आम्ही दोघी हसतो, परत मांडतो.
या खेपेला दाणा ती मुठीतच धरते.
पासष्ट. बरोबर आलं.
वही मिटली, दप्तर भरलं,
भाकरीला बसली तरी
डावी मूठ उघडत नाही.