खटका

हुमैद रियामींची लँडक्रूझर, चौऱ्याऐंशीची.
जबल अख्दरचा चढ लागला की तिला धाप लागायची.
वर हवा विरळ,
कार्ब्युरेटर मात्र खालच्याच हिशेबानं पेट्रोल ओतत राहायचा,
पंगतीत आडदांड वाढपी असतो ना,
पान भरलंय की रिकामं, न बघता वाढणारा.

मुलानं, मुहन्नदनं, शारजाच्या भंगारातून इंजिन आणलं.
मागून ठोकर खाल्लेल्या गाडीचं,
इंजेक्शनवालं, पुढून धड.
"बसेल ना, उस्ताद?"

बसवायचं म्हटलं की बसतं.
नाहीतर चार बोटांसाठी अडून राहतं.
आमचा संप चार बोटांसाठीच अडला.
फिर्कच्या शेडचा पत्रा मार्चमध्येच तापलेला,
शिजूनं माउंट कापले, मी वेल्डिंग धरलं,
आणि मग वायरी.
कॉम्प्युटर विचारत सुटला:
एअरबॅग कुठंय? एसीचा दाब किती? वेग?
जुन्या मीटरची केबल मुकी, नुसती गरगर फिरते.
मध्ये एक सेन्सर बसवला, दुभाष्या.
बावीस वर्षं निझव्यात मी तेच करतोय,
अरबीत ऐकायचं, हिंदीत बोलायचं,
हिशेब तेवढा मनात मराठीत.

म्हातारा रोज असरनंतर यायचा,
खजूर घेऊन टायरवर बसायचा.
इंजिनाकडं बघायचाच नाही.
शेवटच्या दिवशी एवढंच म्हणाला,
डॅशबोर्डवरचा तो चोकचा खटका काढू नकोस.
म्हटलं, आता त्याला काही काम नाही.
"नसू दे काम. असू दे."

रात्री शिजू गेल्यावर
मी पंपाची वायर त्या खटक्यातून फिरवली.
बिलात लिहिलं नाही.
सांगितलं फक्त त्यांना.

दहा दिवसांनी, फजरच्याही आधी, मुहन्नदचा फोन.
स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही,
शंभरदा किल्ली मारली,
कसलं काम केलंस तू?
म्हटलं, वडलांना उठव.

फोन चालूच होता.
चपला ऐकू आल्या, सावकाश.
दार.
मग खट्,
आणि टाकीतून पंपाची बारीक कुणकुण,
आणि सहाही सिलिंडर एका दमात.
मुलगा काहीच बोलला नाही.
म्हातारा हसला असावा, किंवा खोकला.

चाळीस रियाल अजून यायचेत.
वरचे गुलाब खुडून झाले की
स्वतः गाडी चालवत येऊन देतो, म्हणालेत.