तोंड फिरवणे

चौदा हिवाळे माझ्या यंत्राचं तोंड
डावीकडेच राहिलं.
रागाने नव्हे, गंजाने.
ट्रॅक्टरच्या पाठीला जोडलेलं धूड ते,
काम सगळं उलट्या चालीचं,
आणि बर्फ फेकणारं नळकांडं वळवायचं
तर सीटमागच्या दांड्याला तेवीस वेढे,
मान घुबडासारखी मागे वळवून,
हातमोजा काढून, कारण मोज्यातून दांडा निसटतो.
उणे वीसमध्ये उघड्या हाताने लोखंड धरा एकदा,
मग मला शेजारधर्म सांगा.

आमच्या केविनॉत बर्फ वरून कमी,
बाजूने जास्त येतो.
सुपिरिअर सरोवर रात्रभर श्वास सोडतं
आणि सकाळी टपालपेटी सापडत नाही.
तो सगळा बर्फ उचलून मी
ट्रेवॅरोच्या कुंपणावर घालत आले.
त्याला वाटलं, लेम्पी मुद्दाम करते.
मला वाटलं, वाटू दे.
चौदा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.
म्हणजे रोज पाहायचो,
पण तो फावड्याच्या मुठीवरून
आणि मी डिझेलच्या धुरातून.

खांदा निखळला तेव्हा डॉक्टरीण म्हणाली,
वेढे बंद.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
‘बंद’ म्हणायचं काम माझं होतं.
गेले भंगारवाल्या ऑर्व्हिलकडे.
चेपलेल्या एका पिकअपच्या दारातून
काच वरखाली करणारी मोटर त्याने उपसून दिली.
पंधरा डॉलर. वर त्याच्या गुडघ्याची गाऱ्हाणी, फुकट.

मग स्वयंपाकघराच्या टेबलावर पसारा:
सहा तारा, चिमटे, बोटाएवढा एक खटका,
इकडे दाबा, तिकडे दाबा,
सोडला की स्प्रिंगने मधोमध.
लाल आणि काळी यांची अदलाबदल केली
की तीच मोटर उलटी फिरते.
एवढं सोपं असतं तर माणसांना,
असं काहीतरी मनात आलं तेवढ्यात
सोल्डरचा थेंब मेणकापडावर पडला.
भोक अजून आहे.

पहिला फ्यूज अंगणातच गेला.
कडं गोठलेलं, मोटर नुसती कण्हत होती.
खिडकीतून लांब वायर ओढून
केस वाळवायच्या यंत्राने
बाळंतिणीला द्यावा तसा शेक दिला त्या लोखंडाला,
तासभर.
जुनं ग्रीस काळ्या काकवीसारखं ओघळलं.
दुसरा फ्यूज टिकला.
तिसरा कोटाच्या खिशात, गोळ्यांच्या डबीशेजारी.

बुधवारी पहाटे साडेचारला
गुडघाभर पडला होता.
दिवे लावले, यंत्र खाली टेकवलं,
आणि हाताला सवय ती सवय,
खटका डावीकडे दाबला.
नळकांडं गुरगुरलं
आणि उजवीकडे वळलं.

तारा उलट्या जोडल्या होत्या मी.

पांढरी कमान माझ्याच सौनाच्या पायऱ्यांवर कोसळली,
दार दिसेनासं झालं.
खटका दुसरीकडे दाबायला
काय लागतं? एक बोट.
बोट तिथेच होतं.
मी ते तिथेच ठेवलं,
आणि उलट्या चालीने फाटकापर्यंत गेले.

ट्रेवॅरो बाहेर आला, नेहमीच्या वेळी,
कानटोपी, फावडं, कपाळावर तयार आठी.
कुंपणाशी उभा राहिला.
उपसायला फार काही नव्हतं.
इतका गोंधळलेला माणूस मी
शाळेच्या पहिल्या दिवशी बसच्या दारातच पाहिलाय,
पाच वर्षांचा, डबा छातीशी धरून.

मी इंजिन हळू केलं.
चौदा वर्षांनी तो पहिलं वाक्य बोलला:
“बिघडलं का काय ते?”

“नाही,” मी म्हटलं, “फिरतंय आता.”

त्याने मान हलवली, की थंडीने हलली, कळलं नाही.
मग फावडं खांद्यावर टाकून
माझ्या पायऱ्यांकडे बघत राहिला.
मी खटक्यावरचं बोट काढलं.
तो आपसूक मधोमध आला.