कोपराच्या आतली बाजू

भांडुपला, गादीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला
आमचं कॉलेज. पाटी आहे, पण बदामाच्या झाडामागे.
खालून कापूस पिंजल्याचा आवाज येतो
म्हणून सलढाणा सर रक्तगटसुद्धा
ओरडून शिकवतात.

सूक्ष्मदर्शक एकच.
रांगेत उभं राहायचं, डोळा लावायचा,
मनात दहा आकडे मोजून बाजूला व्हायचं.
सांगाड्याच्या डाव्या हाताची करंगळी मागच्या बॅचने हरवली,
तेव्हापासून पंजाची सत्तावीस हाडं
आम्ही फक्त उजवीकडे पाठ करतो.

वर्गात सगळी अठरा-एकोणीसची.
मी चौतीसची, मुलगी पाचवीत.
पहिल्या दिवशी मुबश्शिरा मला पाहून उभीच राहिली,
गुड मॉर्निंग मॅडम.

त्याआधी बारा वर्षं मी साड्यांना फॉल लावले.
टाका सुलट बाजूला दिसला
की दुकानवाली पाच रुपये कापायची.
मला वाटलं, सुई ती सुईच.

आधी रबरी हात. आत नळ्या, नळ्यांत लाल शाईचं पाणी.
इतक्या जणींनी टोचलाय
की नुसता उचलला तरी गळतो.
पंधरा अंश, सर म्हणतात, फार तर वीस.
शीर डोळ्यांनी शोधू नका. बोट ठेवा. थांबा.
दाबल्यावर जी परत वर येते, ती.

मग एके मंगळवारी: चला, आता एकमेकींचे हात.

मुबश्शिराने बाही वर केली, तोंड भिंतीकडे फिरवलं.
भिंतीवर झाकणांच्या रंगांचा तक्ता.
निळं, लाल, हिरवं, जांभळं, करडं,
ती पुटपुटत राहिली, संपलं की पुन्हा निळं.
कोपराच्या आत तिला तव्याचा जुना चटका होता.
त्याच्या जरा खाली
माझ्या बोटाला काहीतरी उलट ढकलत होतं.

कापड ढकलत नाही.
बारा वर्षांत एकदाही नाही.

मी सुई ट्रेमध्ये ठेवली.
सर काही बोलले नाहीत. नवी सुई फोडून पुढे केली.
खाली पिंजण थांबलं होतं, जेवणाची सुट्टी झाली असावी,
आणि त्या शांततेत सगळ्या वर्गाला
माझा श्वास ऐकू गेला असणार.

गेली.
नळीत रक्त आलं, शाईपेक्षा काळपट,
आणि काचेतून बोटांना कोमट लागलं.
कोमट असतं हे पुस्तकात होतं की.

ताई, पट्टा, मुबश्शिरा म्हणाली,
अजून भिंतीकडेच बघत,
पट्टा सोडा आधी.

रात्री मुलगी विचारत होती,
म्हणजे तू डॉक्टर होणार?
नाही.
नर्स?
नाही गं. संलग्न सेवा म्हणतात.
संलग्न म्हणजे?
जोडलेलं.
फॉलसारखं?
मी हसले, मग हसायचं थांबले.
तिचा हात मांडीवर घेतला,
कोपराच्या आत बोट ठेवलं.
गुदगुल्या होतायत, ती म्हणाली.
हलू नकोस, म्हटलं, सापडतेय.