नुसती बॉडी

जुना कॅमेरा पडून गेला नाही, भिजूनही नाही.
आतून बुरशी चढली त्याच्या भिंगाला,
केसाएवढी बारीक, पांढरी, फांद्या फुटलेली.
तांदळाच्या डब्यात ठेवायची मी त्याला, तरीसुद्धा.
शिरोड्याच्या हवेत दाराची कडी टिकत नाही,
काच कुठली टिकायला.

बॉबिनच्या डब्यात साठवलेले एकतीस हजार
रुमालात बांधून सावंतवाडीला गेले.
दुकानदार म्हणाला, बजेट किती?
आकडा सांगितला तर त्याने मागच्या फळीकडे पाहिलं,
मग माझ्या चपलांकडे.
ही घ्या, म्हणाला, पण ही नुसती बॉडी. लेन्स वेगळी.

मी बत्तीस वर्षं ब्लाऊज शिवते.
आजवर एकीलाही म्हटलं नाही,
हे घे बाई, हे नुसतं अंग,
बाह्या हव्या तर त्याचे वेगळे अठ्ठावीस हजार.

दुसऱ्या दुकानात एक पोरगा होता, केसांना लाल रंग,
त्याने इतके आकडे सांगितले
की मला हिशेबाची वही आठवली.
चोवीस, बत्तीस, चार के, एफ एक पॉइंट आठ.
मी मान डोलावत राहिले
लग्नात गुरुजींच्या मंत्रांना डोलावतात तशी.
बाजारात मी बांगड्याचा कल्ला उचलते,
लाल दिसला तर घेते, नाही तर पुढच्या पाटीकडे.
याचा कल्ला कुठे असतो?
कुठे बोट घातलं की कळतं, ताजा की शिळा?

कुडाळात तोच कॅमेरा चार हजारांनी महाग.
फोनवर तोच सहा हजारांनी स्वस्त,
पण खाली कुणीतरी लिहिलेलं, खोक्यात साबण निघाला.
लगेच खाली दुसऱ्याने लिहिलेलं, उत्तम वस्तू, पाच तारे.
भाचा म्हणाला, मावशी, मोबाईल घे की.
देवळासमोरचा स्टुडिओवाला म्हणाला,
सहा महिने थांबा, नवीन मॉडेल येतंय.
मग त्याच्यानंतर? मी विचारलं.
त्याच्यानंतर त्याहून नवीन, तो म्हणाला,
आणि खराच आनंदाने हसला.

कुडाळच्या दुकानात एक कॅमेरा साखळीने बांधला होता,
हाताळून बघायचा म्हणून.
साखळी दीड हात.
तेवढ्यात मावलं ते
समोरचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान
आणि स्टुलावर पेंगणारा त्याचा मालक.
फोटो सुंदर आला. मीच पुसून टाकला,
त्या बिचाऱ्याला विचारलं कुठे होतं.

गल्ल्यावरचे म्हातारे परुळेकर
इतका वेळ सुपारी कातरत होते.
ते म्हणाले, बाय, तुमका नेमका काय होया?

आणि मला सांगता येईना.
ओहोटी लागली की वाळूत बारके खेकडे वर येतात,
नखाएवढे. वाळूच्या गोळ्या करून
बिळाभोवती मांडत जातात,
किरणं काढावीत तशा, कुणी न शिकवता.
सहा तासांत भरती सगळं पुसते.
मला ते हवं, हे दुकानात उभं राहून
कोण कसं सांगणार?
काही नाही, म्हटलं. बघते.
पोराने पाण्याची ओल ओढणाऱ्या चार पुड्या फुकट दिल्या,
त्यांच्यावर लिहिलेलं, खाऊ नये.
एसटीत त्या मुठीत धरून बसले.

आज साव्हलिन फर्नांडिस आली, ईस्टरचा ब्लाऊज.
गळा किती खोल? मी विचारलं.
तुलाच ठाऊक, ती म्हणाली, आणि खाली रस्त्याकडे बघत राहिली.
टेप तिच्या पाठीवर धरता धरता
हात थांबला माझा.

मी वाकले की माझी सावली पडते,
सावली पडली की खेकडे बिळात.
जुन्याला फार जवळ जावं लागायचं.
एवढंच तर होतं.

साव्हलिन गेल्यावर पावतीपुस्तक काढलं.
गिऱ्हाईक: मी.
माप: लांब उभं राहून जवळचं दिसावं,
आठ हातांवरून, सावली न पाडता.
आगाऊ रक्कम एकतीस.
तारीख लिहिली नाही.
मुंबईहून परतलेल्या नाडकर्णी बाईंची फॉल-पिकोची साडी
तेवढ्यात दारात आली.