तिघरा

यादी नेहमीप्रमाणे
एजी ऑफिसच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर.
शितोळे लिहितो, मी खोडतो.
पेन्शनीत आलो तरी धंदा तोच.

काठ्या दोन. रीळ एकच धड आहे,
दुसऱ्याला शिलाई मशिनचं तेल पाजून
उन्हात बसवलंय.
गळ बारा.
म्हणजे डब्यात सापडले ते नऊ,
आणि कोट धुताना
बायकोच्या बोटाला सापडले ते तीन.

तंबू.
माधोगंजच्या टेंट हाउसवाल्याला विचारलं
तर म्हणतो, मुलाकडचे की मुलीकडचे?
दोनच माणसं, म्हटलं, आणि मासे.
त्याने वही मिटली.

नोव्हेंबर सरताना धरणावरचा वारा
स्वेटरचे टाके मोजत मोजत आत येतो,
म्हणून रजया, कानटोप्या,
मोरेन्याची गजक एक किलो,
जिच्यातली पाव किलो
ही यादी करतानाच संपली आहे.

बदामसिंगला फोन लावला.
पाणी वर आहे म्हणाला, आपला खडक बुडालाय,
पलीकडच्या बाभळींपाशी बसा.
मगर? दिसते ना, दुपारची, ऊन खाताना.
रात्री ती काय करते
हे त्याने कधी विचारलेलं नाही.

साडेनऊला दिगूचा फोन.
पुण्याहून, लेकाच्या अकराव्या मजल्यावरून,
जिथे गॅलरीला जाळी आहे
आणि जाळीत फक्त कबुतरं येत नाहीत.
कणकेत आधी हिंग, मग तूप, तो सांगतो,
आणि मळायला शितोळेला देऊ नका,
त्याच्या हाताला चुन्याचा वास,
रोहू लांबूनच ओळखतो.
शितोळे ऐकतोय, तंबाखू चोळत.

माझी काठी काढलीत का?

बांबूची, निळ्या दोऱ्याने आवळलेली.
दिवाण मावला ट्रकमध्ये, कूलर मावला,
पुण्यात न लागणारी रजयांची पेटीही मावली,
ती नाही मावली.
आमच्या जिन्याखाली उभी आहे,
झाडूच्या शेजारी.

काढली की, मी म्हणतो.
शितोळे माझ्याकडे न बघता
यादीतल्या २ ला
मध्ये एक वळण देतो, गळासारखं.
३ होतो.

तिघरा म्हणजे तिघांचं घर,
ही त्याचीच कोटी, वीस वर्षं जुनी,
दर वर्षी बांध दिसला की करायचा.
तीन हिवाळे झाले, केलेली नाही.
तीन हिवाळे आम्ही गेलोही नाही,
यादी मात्र दर वेळी पुरी होते.

किती वाजता निघताय?
चारला, म्हटलं. या शनिवारी. नक्की.
मग गजर लावू नका, दिगू म्हणतो,
मी साडेतीनला उठवतो,
मी तसाही जागाच असतो.

फोन ठेवल्यावर बराच वेळ
शितोळे पेनाचं टोपण शोधतो.
मग सगळ्यात खाली, रॉकेलनंतर,
लिहितो:
पॉवर बँक. नातीकडून मागून.
तिथे वीज नाही,
आणि हा रात्रभर विचारत बसणार,
लागला का, लागला का.